दर्शन होते, मुक्काम होत नाही

धाराशिव जिल्ह्याची सांस्कृतिक श्रीमंती आणि सुट्टीत फिरायला निघणारा प्रवासी : एक आढावा

सोलापूर सोडून तुळजापूरच्या रस्त्याला लागले की विसेक किलोमीटरवर तामलवाडी येते. धाराशिव जिल्ह्याची ही दक्षिणेकडची वेस. आजूबाजूला ज्वारी, तूर, सोयाबीनची राने, मध्येच एखादी द्राक्षबाग, आणि त्यातून गेलेला सोलापूर-धुळे महामार्ग. मंगळवारी, शुक्रवारी किंवा पौर्णिमेला इथल्या टोलनाक्यावर पुण्या-मुंबईपासून हैदराबाद-कलबुर्गीपर्यंतच्या गाड्या दिसतात. त्यातल्या बहुतेकांचा बेत ठरलेला असतो : पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट आणि जमले तर गाणगापूर. कुलदेवीची ओटी भरायची, प्रसाद घ्यायचा आणि गाडी पुढच्या देवाकडे वळवायची.

हीच कुटुंबे दिवाळीच्या सुट्टीत राजस्थानात जातात, हंपीला जातात, केरळात जातात. तिथे दोन-तीन रात्री राहतात, गाइड घेतात, तिथले जेवण शोधून जेवतात, मुलांना किल्ले आणि देवळे दाखवतात. धाराशिव जिल्ह्यात मात्र ती चहापुरती थांबतात. ज्या भागात दोन हजार वर्षांपूर्वीच्या बाजारपेठेपासून आजच्या गोंधळापर्यंत सगळे एका जिल्ह्यात सापडते, तिथे सुट्टीतला प्रवासी मुक्काम का करत नाही? आणि त्याने करावा असे वाटत असेल, तर काय करावे लागेल?

माझे म्हणणे आधीच सांगतो. इथे पाहण्यासारख्या ठिकाणांची वाण नाही. वाण आहे ती ही ठिकाणे एकमेकांशी, ऋतूशी आणि इथल्या लोकांच्या रीतीभातींशी जोडणाऱ्या आखणीची. ती आखणी करताना इमारतींपेक्षा माणसांची चालती वहिवाट मध्यभागी ठेवली, तरच या जिल्ह्याला स्वतःचा असा प्रवासी मिळेल.

देवीचे वर्ष

सुरुवात अर्थातच तुळजाभवानीपासून. बालाघाटाच्या कुशीतले हे मंदिर साडेतीन शक्तिपीठांपैकी एक. पायऱ्या उतरून खाली जावे लागते, वाटेत कल्लोळ तीर्थ आणि गोमुख तीर्थ लागते, आणि गाभाऱ्यात अष्टभुजा महिषासुरमर्दिनी. एवढे प्रत्येक भाविकाला ठाऊक असते. पण ही मूर्ती चल आहे, आणि देवीचे वर्ष तिच्या निद्रांनी बांधलेले आहे, हे रांगेतून पाच मिनिटांचे दर्शन घेऊन परतणाऱ्याला सहसा कोणी सांगत नाही.

शारदीय नवरात्राआधी देवी सिंहासनावरून शेजघरात पलंगावर जाते. घटस्थापनेला पुन्हा सिंहासनावर येते. दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला मूर्ती साड्यांमध्ये लपेटून पालखीत ठेवतात. ही पालखी आणि देवीचा पलंग दरवर्षी अहिल्यानगरच्या वाटेने तुळजापुरात येतात, आणि ते आणण्याचा मान पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या घराण्यांकडे आहे. सीमोल्लंघनानंतर देवी पुन्हा निद्रेला जाते. युद्ध करून दमलेल्या देवीची ती श्रमनिद्रा. आश्विन पौर्णिमेला ती संपते. पौषात शाकंभरी नवरात्र येते, त्याआधीही देवीची निद्रा असतेच. देवाला माणसासारखे दमवणारी, झोपवणारी आणि उठवणारी ही कल्पना समजली, की तेच दर्शन वेगळे होते.

आश्विन पौर्णिमेला सोलापूर ते तुळजापूर हा पंचेचाळीसेक किलोमीटरचा रस्ता माणसांनी भरतो. वाहने दुसऱ्या वाटांनी वळवावी लागतात. सोलापूरचे, विजयपूर-कलबुर्गीकडचे, तेलंगणातले लोक रात्रभर चालतात. मराठी, कन्नड, तेलुगू एकाच रस्त्यावर ऐकू येते आणि ‘आई राजा उदो उदो’ मात्र सगळ्यांचे एकच. रस्त्याकडेला मंडप पडतात, कोणी चहा देते, कोणी केळी देते, कोणी फोड आलेल्या पायांना तेल लावून देते. गळ्यात कवड्यांची माळ आणि हातात परडी घेतलेल्या आराधी बायका, पायात चप्पल न घातलेली कॉलेजची मुले, खांद्यावर लेकरू घेतलेला बाप, सगळे एका चालीने पुढे सरकतात. तामलवाडी साधारण अर्ध्या वाटेवर. इथपर्यंत येताना पाय बोलायला लागलेले असतात, आणि पुढचा घाट अजून बाकी असतो. नवरात्राच्या तोंडावर हाच रस्ता उलट दिशेने पळतो : गावोगावची तरुण मंडळे तुळजापुरात ज्योत पेटवून घेतात आणि ती विझू न देता, हातोहात बदलत, धावत आपल्या गावी नेतात.

याच जिल्ह्यात येरमाळ्याच्या येडेश्वरीची चैत्र पौर्णिमेची यात्रा भरते आणि भाविक चुनखडीचे खडे वेचतात. अणदूर आणि नळदुर्ग या शेजारच्या गावांत एकच खंडोबा आहे. वर्षातला बहुतेक काळ तो अणदूरला असतो आणि ठरलेल्या काळासाठी नळदुर्गला जातो. पौष पौर्णिमेची मोठी यात्रा तिथे भरते. दोन गावांनी एक देव वाटून घ्यावा आणि तो करार पिढ्यान्‌पिढ्या पाळावा, ही गोष्ट कुठल्याही परदेशी प्रवाशाला थक्क करील. जर्मनीतून आलेले गुंथर सोंथायमर यांनी आयुष्याची कित्येक वर्षे खंडोबा आणि दख्खनच्या लोकदैवतांच्या अभ्यासात घालवली, ती अशाच गोष्टींच्या ओढीने. धाराशिव शहरात हजरत ख्वाजा शमसुद्दीन गाझी यांचा दर्गा आहे आणि त्याचा उरूस सगळ्या गावाचा असतो.

पाणी, दगड आणि वीट

जिवंत परंपरांच्या जोडीला इथे बांधीव वारसाही आहे. त्यात जास्त वेळ थांबावे असे ठिकाण नळदुर्ग.

बोरी नदीच्या वळणावर हा भुईकोट पसरला आहे. पलीकडे रणमंडळ नावाचा जोडकिल्ला, आणि दोन्हींना जोडणारा धरणासारखा दगडी बांध. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात हे काम झाले. बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे. तिथला फार्सी शिलालेख १६१३ सालचा. अरुंद जिन्याने आत उतरले की थंड हवा लागते, कमानींचा छोटा दिवाणखाना येतो आणि समोरची खिडकी नदीकडे उघडते. पावसाळ्यात वरचे बोरी धरण भरून वाहू लागले की या बांधावरून पाणी दोन सांडव्यांनी कोसळते. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. डोक्यावरून नदी चाललेली असते, खिडकीसमोर पाण्याचा पडदा असतो, आणि महालात मात्र पाऊल कोरडे राहते. चारशे वर्षांपूर्वीच्या स्थापत्यकाराने नदी अडवली ती किल्ल्याच्या संरक्षणासाठी, पण पाणी बघण्याची जागाही त्याने त्याच भिंतीत ठेवली. गरजेच्या कामात रसिकतेला जागा ठेवणारे असे बांधकाम दख्खनमध्ये दुर्मीळ आहे. मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्याने १८५३ नंतर इथूनच जिल्ह्याचा कारभार पाहिला आणि आपल्या आत्मचरित्रात त्या दिवसांबद्दल लिहिले.

धाराशिवपासून ईशान्येला तेरणेकाठचे तेर आहे. इसवीसनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी प्रवासपुस्तकात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या तगर नावाच्या मोठ्या गावाचा उल्लेख आहे. तिथले कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जात असे. ते तगर म्हणजे हेच तेर. इथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातली नाणी, मणी, मातीच्या बाहुल्या आहेत, आणि एक छोटी हस्तिदंती स्त्रीमूर्ती. इटलीत १९३८ साली पॉम्पेईच्या राखेखाली सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे. पॉम्पेईची मूर्ती आज नेपल्सच्या संग्रहालयात लाखो लोक पाहतात. तिची नातलग शोभावी अशी मूर्ती एका मराठवाडी खेड्यात आहे, हे सोलापूर-लातूरच्या किती शाळकरी मुलांना माहीत आहे?

तेरचे त्रिविक्रम मंदिर विटांचे. त्याचा मागचा भाग अर्धगोल, चैत्यगृहासारखा. म्हणजे जुन्या बौद्ध वास्तूचे पुढे विष्णुमंदिर झाले असावे, असे मानतात. आणि याच गावात गोरोबाकाकांची समाधी. संतांच्या मेळ्यात कोणाचे मडके कच्चे आणि कोणाचे पक्के हे ज्या थापटण्याने ठरले, त्या कथेचे हे गाव. रोमन व्यापार, बौद्ध वीट, वैष्णव मंदिर आणि कुंभाराची भक्ती, हे सगळे एका शिवारात पायी फिरून पाहता येते. 

बाकीच्या ठिकाणांची नोंद थोडक्यात. धाराशिव शहराजवळची लेणी, ज्यांचा संबंध अपभ्रंश भाषेतल्या ‘करकंडचरिउ’ या जैन काव्याशी जोडला जातो. परंड्याचा किल्ला, जिथली मलिक-ए-मैदान तोफ १६३२ साली विजापूरला नेली गेली. भूम तालुक्यातले कुंथलगिरी हे जैन सिद्धक्षेत्र, जिथे १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली. माणकेश्वरचे कोरीव शिवमंदिर. येडशीजवळच्या अभयारण्यातले रामलिंग, पावसाळ्यात दरीत उतरून पाहावे असे. 

ताटातली ओळख

सुट्टीतला माणूस किल्ला विसरतो, जेवण विसरत नाही. या पट्ट्याचे ताट स्वतंत्र आहे : ज्वारीची कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, येसर आमटी, धपाटे, शेंगापोळी. पौष-माघात ज्वारी हुरड्यावर आली की आगटीभोवती बसून खाल्लेला गरम हुरडा. भूम-वाशीकडच्या खव्याला कुंथलगिरी खवा म्हणून भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि त्याच खव्याच्या जोरावर धाराशिवचे गुलाबजाम नाव राखून आहेत. उस्मानाबादी शेळी ही देशभर मान्यता पावलेली जात, तिच्या मटणाचा रस्सा इथे घरोघरी वेगळा.

पण महामार्गावरच्या हॉटेलांत यातले किती मिळते? पाटीवर पनीर आणि नूडल्स असतात. ज्या चवीसाठी प्रवासी परत येईल, ती चव घरात राहते आणि जी कुठेही मिळते ती त्याला वाढली जाते. 

मग थांबत का नाहीत?

पहिले कारण मनातले आहे. तुळजापूर हे आपल्याकडे कर्तव्याचे गाव आहे. लग्न झाले, बाळ झाले, नवस फेडायचा, म्हणून जायचे. सुट्टीच्या यादीत ते नाव येत नाही, कारण सुट्टी म्हणजे कर्तव्यातून सुटका असे आपण धरून चालतो. 

दुसरे कारण ऋतूचे. मुलांची मोठी सुट्टी एप्रिल-मे महिन्यांत, आणि तेव्हा या भागात ऊन चाळिशी ओलांडते. नळदुर्गचे सांडवे कोरडे, राने उघडी, हुरडा संपलेला. इथला बहर भाद्रपद ते माघ. त्यातल्या त्यात दिवाळीची सुट्टी उत्तम : यात्रेची गर्दी ओसरलेली, हवा मोकळी, रानात पीक उभे. पण हे कॅलेंडर प्रवाशासमोर कोणी ठेवलेलेच नाही.

तिसरे कारण वाहतुकीचे. महामार्ग चांगला झाला, पण तो लोकांना लवकर नेतो तसा लवकर परतही नेतो. नळदुर्ग सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, तेर लातूरच्या रेल्वेमार्गावर, परंडा पश्चिमेच्या टोकाला. स्वतःची गाडी नसलेल्याने ही ठिकाणे एका फेरीत जोडायची कशी? सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या सुमारे ८४ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाची पायाभरणी २०१९ मध्ये झाली. तो पूर्ण झाला की यातली एक गाठ सुटेल.

चौथे आणि माझ्या मते सगळ्यांत मोठे कारण म्हणजे सांगणारा माणूस नाही. हंपीत दगडाच्या एका खांबाजवळ गाइड वीस मिनिटे बोलतो. इथे पाणीमहालाच्या खिडकीत उभ्या असलेल्या कुटुंबाला समोर काय आहे हे कळत नाही, ते सेल्फी काढते आणि जिना चढून जाते. गोष्ट कळली की पाय थबकतो, आणि पाय थबकला तरच मुक्काम होतो.

बाहेरचा अनुभव काय सांगतो

उत्तर स्पेनमध्ये सांतियागो दे कोम्पोस्तेला या गावी संत जेम्सची समाधी आहे असे ख्रिस्ती मानतात. तिकडे जाणारी मध्ययुगीन पायवाट ओस पडत चालली होती. १९८७ साली युरोप परिषदेने तिला पहिला युरोपीय सांस्कृतिक मार्ग म्हणून मान्यता दिली आणि १९९३ मध्ये स्पेनमधला मार्ग जागतिक वारसा यादीत गेला. वाटेवर पिवळे बाण रंगवले, दर काही अंतरावर स्वस्त मुक्कामघरे उभी राहिली, यात्रेकरूला एक पुस्तिका दिली जाऊ लागली आणि तिच्यात गावोगावचे शिक्के पडू लागले. निदान शेवटचे शंभर किलोमीटर पायी चालणाऱ्याला प्रमाणपत्र मिळते. आता वर्षाला ४ लाखांहून अधिक लोक ते घेतात आणि त्यांतले अनेक जण धार्मिक हेतूने आलेलेही नसतात. ते चालायला, एकटे राहायला, खेड्यांत जेवायला येतात. वाटेवरची मरगळलेली गावे त्या पायांनी उभी केली. जपाननेही कुमानोच्या डोंगरातल्या यात्रावाटा अशाच जपल्या. त्या २००४ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्या.

दुसरा धडा व्हेनिसचा. सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्या लोंढ्यांनी ते शहर इतके बेजार झाले, की २०२४ मध्ये ठरावीक दिवशी अशा एकदिवसीय पाहुण्यांकडून ५ युरो प्रवेशशुल्क घेणे सुरू झाले. एका दिवसाचा पाहुणा गर्दी, कचरा आणि वाहने घेऊन येतो, मागे मात्र फारसे काही ठेवत नाही. तुळजापूरची अडचण आकाराने वेगळी असली तरी जातीने हीच आहे. इथेही गर्दी सोसणारे गाव एक, आणि त्या गर्दीचा फायदा वाटून घ्यायला हवी अशी आजूबाजूची पन्नास गावे कोरडीच.

या दोन अनुभवांतून एक कसोटी मिळते. किती लोक आले हे मोजण्यापेक्षा किती जण रात्री राहिले आणि त्यांचे पैसे किती घरांत पोचले, हे मोजावे.

जपायचे काय

मे २०२५ मध्ये चौंडी येथील मंत्रिमंडळ बैठकीत तुळजाभवानी मंदिर विकासासाठी १,८६५ कोटी रुपयांच्या आराखड्याला मंजुरी मिळाली. इतका मोठा निधी या जिल्ह्याच्या वाट्याला क्वचित येतो. दर्शनाची रांग सुखाची व्हावी, म्हाताऱ्या माणसांना सावली आणि पाणी मिळावे, वाहनतळ व्हावेत, यात वाद नाही. पण सगळा खर्च मंदिराभोवतीच्या काँक्रीटमध्ये जिरला, तर गर्दी वाढेल आणि मुक्काम वाढणार नाही. बांधकामाच्या रेट्यात मंदिराच्या वाटेवर कवड्या, परड्या, हळद-कुंकू विकून पोट भरणारा माणूस बाजूला फेकला जाऊ नये, हेही तितकेच महत्त्वाचे. 

दुसरी जोखीम परंपरेचा खेळ होण्याची. गोंधळ हा देवीच्या पुढ्यात, घरच्या कार्यात घातला जाणारा विधी. संबळ वाजायला लागले की घरातली माणसे हात जोडतात. तोच गोंधळ रिसॉर्टच्या हिरवळीवर जेवणाच्या वेळी दहा मिनिटे दाखवला, तर गोंधळ्याला चार पैसे मिळतील, पण त्याच्या मुलाला ती कला देवीची वाटणार नाही. मग पुढच्या पिढीत पाहायला उरेल काय? पाहुण्याला गोंधळ जरूर पाहू द्यावा, मात्र जिथे तो खरोखर घातला जातो तिथे, यजमानाच्या परवानगीने, जमिनीवर बसून. कलावंताचे मानधन आधी ठरलेले असावे. आश्विनातल्या चालत्या गर्दीत शिरून माणसांच्या तोंडासमोर कॅमेरे धरणारा पाहुणा नको. सोबत चार किलोमीटर चालणारा हवा.

काय करता येईल

पहिली गोष्ट पायवाटेची. सोलापूर ते तुळजापूर हे अंतर सावकाश चालणाऱ्याला दोन दिवसांचे आहे आणि तामलवाडी मध्यावर आहे. आज ही चाल एका पौर्णिमेपुरती आहे आणि एरवी चालणाऱ्याला महामार्गावर ट्रकच्या वाऱ्यात चालावे लागते. शिवारातून जाणारे पाणंद रस्ते जोडून बारमाही पायमार्ग आखता येईल. वाटेत सावलीची झाडे, पिण्याचे पाणी, अंतराच्या पाट्या. तामलवाडीत मुक्काम : गावातल्या घरांत स्वच्छ खोली, बाहेर नीट संडास, रात्री भाकरी-चटणी आणि आमटी. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० पासून आहे, त्यात शेतकऱ्याला पाहुणे ठेवण्याची सोय आहे. बचत गटाच्या बायका हे घर चालवू शकतात. वारीला निघालेल्या माणसाला घरी बोलावून जेवू घालायची सवय या गावांना आहेच. पाहुण्याचे आतिथ्य त्यांना शिकवावे लागणार नाही, हिशेब आणि नोंदणी तेवढी शिकवावी लागेल.

दुसरी गोष्ट दोन फेऱ्यांची. दक्षिण फेरी दोन रात्रींची : पहिल्या दिवशी तामलवाडी आणि संध्याकाळी तुळजापूर, दुसऱ्या दिवशी नळदुर्ग आणि अणदूर, तिसऱ्या दिवशी धाराशिवची लेणी आणि तेर. उत्तर फेरी : येडशीचे रामलिंग, येरमाळा, कुंथलगिरी, माणकेश्वर, परंडा. एसटीने सुट्टीच्या काळात तुळजापुरातून अशी एकेक गाडी सोडली आणि तिच्यात एक जाणकार माणूस बसवला, तरी सुरुवात होईल. 

तिसरी गोष्ट त्या जाणकार माणसाची. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांतून इतिहास शिकलेली मुले नोकरीसाठी पुण्याला जातात. त्यातल्या वीस-पंचवीस जणांना तेर, नळदुर्ग, लेणी आणि देवीचे वर्ष यांचे रीतसर प्रशिक्षण देऊन परवाने द्यावेत. मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगू येणारी मुले या सीमाभागात सहज मिळतात. पाहुण्याशी त्याच्या भाषेत बोलणारा वाटाड्या हे या जिल्ह्याचे बळ ठरू शकते.

चौथी गोष्ट शाळांची. सोलापूर, लातूर आणि धाराशिवच्या शाळांच्या सहली दूरच्या थीम पार्ककडे जातात. त्यातली दर वर्षी एक सहल तेरच्या संग्रहालयाकडे वळवली, तर पुढच्या पिढीतला पहिला पर्यटक घरचाच मिळेल. ज्या गावाच्या मुलांना आपली हस्तिदंती मूर्ती माहीत नाही, त्या गावात बाहेरच्या माणसाने ती बघायला का यावे?

दूरच्या माणसाला इथे यावेसे वाटेल ते इथले लोक आजही देवीला झोपवतात आणि उठवतात म्हणून, ज्योत विझू न देता धावतात म्हणून, दोन गावांत एक देव नांदवतात म्हणून. हे सगळे पाहुण्यासाठी रचलेले नाही आणि तसे रचलेही जाऊ नये. आपण करायचे ते एवढेच : त्याला योग्य ऋतूत बोलवायचे, गोष्ट सांगायची, पोटभर वाढायचे आणि रात्री राहायला जागा द्यायची. १,८६५ कोटींच्या आराखड्यातला अगदी छोटा हिस्सा पायवाट, मुक्कामघरे आणि वाटाड्यांवर खर्च करण्याचा आग्रह जिल्ह्यातल्या ग्रामपंचायतींनी आताच धरायला हवा. आराखड्याची कामे पुरी झाल्यावर केलेली मागणी उशिराची ठरेल.